पैसे नाहीत आणि दारू सोडायची आहे: नागपुरातल्या श्रद्धेच्या वाटा आणि त्या धरण्याची रीत

रोजंदारीवर जगणाऱ्या घरात दारू सोडायचा विषय निघाला की पहिला प्रश्न पैशाचा येतो. खासगी केंद्राचा महिन्याचा खर्च ऐकूनच माणूस गप्प बसतो, आणि मग कुणीतरी सांगतं, "माळ घाल", "मार्गावर ये", "मीटिंगला चल". हे सल्ले चुकीचे नाहीत. नागपुरात फुकट आणि श्रद्धेच्या बळावर चालणाऱ्या वाटा बऱ्याच आहेत आणि त्यांनी हजारो घरं सावरली आहेत. पण त्या कोणत्या क्रमाने धरायच्या हे नीट कळलं नाही, तर चांगली वाटही जिवावर बेतते. हे लिखाण त्या क्रमासाठी आहे, आणि ते पिणाऱ्या माणसापेक्षाही त्याच्या बायकोसाठी, आईसाठी, भावासाठी जास्त आहे. चौकशी करत फिरतात ती बहुतेक वेळा तीच माणसं.

शपथेच्या आधी दवाखाना

रोज पिणाऱ्या माणसाने एका दिवसात दारू तोडली, तर शरीर बंड करतं. वर्षानुवर्षं दारू मेंदूला दाबून ठेवते आणि मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावत राहतो. दारू अचानक काढली की तो जोर एकदम मोकळा सुटतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. अंथरुणावर किडे दिसतात, माणूस चादर खुडत बसतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, ताप चढतो, छाती धडधडते. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो.

आपल्याकडे घात होतो तो इथेच. गुरुवारी शपथ घेतलेला माणूस शनिवारी रात्री भिंतीशी बोलायला लागतो आणि घरचे म्हणतात, "बाहेरचं लागलं". मग अंगारा, मग मांत्रिक, मग दोरीने बांधणं, आणि यात दवाखान्याचे तास निघून जातात. दारू सोडल्यानंतर पहिल्या पाच दिवसांत भ्रम झाला तर तो दारूचाच समजा आणि १०८ ला फोन करा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं किंवा साखळीने, दोरीने बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे.

म्हणून कुठलीही वाट धरण्याआधी घरीच चार गोष्टी तपासा. सकाळी उठल्यावर घोटभर पोटात जाईपर्यंत हात थरथरतात का? पूर्वी कधी दारू थांबवल्यावर झटका आला होता का? रोजचा हिशोब एका पव्व्याच्या वर जातो का? कावीळ, पोटात पाणी, साखर, मिरगी यांपैकी काही आहे का? एकाचंही उत्तर "हो" असेल, तर दारू घरी तोडू नका. दवाखान्यात जाईपर्यंत ती एकदम बंदही करू नका. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण दोन दिवस थांबून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडणं हे आजच्या आज देवासमोर बाटली फोडण्यापेक्षा सुरक्षित आहे.

नागपुरात यासाठी खासगीत जायची गरज नाही. मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आणि मिहानचं एम्स, या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय वेगळं आहे. ते सार्वजनिक आरोग्य विभागाचं असल्याने तिथले उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजांत केसपेपरचे आणि तपासण्यांचे थोडे पैसे लागतात. पिवळं रेशन कार्ड असेल तर ते खिडकीवर पहिल्यांदाच दाखवा, मागाहून नाही. सकाळी लवकर पोहोचा, कारण नोंदणीची खिडकी दुपारी बंद होते. सोबत आधार, रेशन कार्ड, आधीच्या चिठ्ठ्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचं पाकीट न्या. माणूस किती पितो, हे त्याच्यासमोर न लाजता खरं सांगा. "थोडी थोडी घेतो" असं सांगितलं तर औषधाचा डोस त्याच हिशोबाने कमी लिहिला जातो आणि घरी आल्यावर झटका येतो.

डॉक्टर साधारण आठवडा-दहा दिवस उतरत्या डोसाच्या गोळ्या देतात आणि सोबत थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. हे बी-१ साधं वाटलं तरी सोडू नका. जास्त पिणाऱ्याच्या अंगात ते जवळजवळ संपलेलं असतं. त्याच्याशिवाय नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. वस्तीतल्या दवाखान्यात "उतरवायला" सलाईन लावून घेण्याची सवय आहे, म्हणून तिथे आधी बी-१ द्यायला सांगा.

उतरत्या डोसाच्या गोळ्यांचं पाकीट घरच्यांच्या हातात असावं. त्या गोळ्यांवर दारू प्यायली तर श्वास मंदावतो, आणि डोस संपल्यावरही त्या चालूच ठेवल्या तर त्यांचीच सवय लागते.

अजून एक गोष्ट कळकळीने सांगतो. "नकळत जेवणात मिसळा, दारू सुटेल" म्हणून पुड्या विकल्या जातात. अशा पुडीत डायसल्फिराम असू शकतं. हे औषध पोटात असताना दारू गेली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जातो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून आणि त्याची संमती घेऊन. आमटीत पुडी टाकणाऱ्या बायकोचा हेतू कितीही चांगला असो, ते करू नका.

मग कोणती वाट

अंगातली दारू उतरणं हा आठवड्याचा प्रश्न आहे. पुढची वर्षं कशी काढायची, हे मात्र दवाखाना शिकवत नाही. तिथे श्रद्धा कामाला येते. श्रद्धा म्हणजे रोजची एक ठरलेली वेळ, न पिणारी दहा माणसं, आणि आपल्याहून मोठ्या कशापुढे तरी टेकवलेलं डोकं. पैसे नसलेल्या माणसाला या तिन्ही गोष्टी नागपुरात मिळतात.

सर्वांत मोकळी वाट अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे एएची. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये दोन दारुड्या माणसांनी एकमेकांना धरून ही सुरुवात केली. भारतात ती १९५७ पासून आहे आणि नागपुरात मराठी-हिंदीत मीटिंगा होतात, बहुतेक संध्याकाळी, एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत. रोजी बुडत नाही, हा गरीब माणसासाठी सर्वांत मोठा फायदा. सभासद व्हायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव सांगायचं नाही. शेवटी पेटी फिरते, तिच्यात पाच-दहा रुपये टाकायचे असतील तर टाकायचे, नसतील तर पुढे सरकवायची. नव्या माणसाकडून तर कुणी अपेक्षाही धरत नाही.

एए कुठल्याही धर्माची नाही, पण तिच्या बारा पायऱ्यांत देवाचं नाव वारंवार येतं. देव मात्र "आपल्याला समजला तसा". विठ्ठल म्हणा, अल्ला म्हणा, येशू म्हणा, किंवा समोर बसलेली न पिणारी माणसं हीच आपली शक्ती म्हणा. पहिल्या तीन पायऱ्या शरण जाण्याच्या. चौथी-पाचवी मात्र कामाची आणि जड. आपल्या दोषांची लेखी यादी करायची आणि ती एका माणसाला वाचून दाखवायची. आठवी-नववी ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करण्याची. माणसं चौथ्या पायरीवर गळतात, कारण लिहिता येत नाही किंवा लिहायची लाज वाटते. लिहिता येत नसेल तर स्पॉन्सरला, म्हणजे तुम्हाला हात धरून नेणाऱ्या जुन्या सभासदाला, तोंडी सांगा. पायरी तशीही चढली जाते.

पहिल्या मीटिंगला जाताना १५ मिनिटं आधी पोहोचा. "खुली" की "बंद" हे फोनवर विचारून घ्या. खुल्या मीटिंगला घरचे सोबत बसू शकतात, बंदला फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे ते. बोलायची सक्ती नाही. "मी फक्त ऐकतो" म्हटलं की झालं. निघताना दोन जुन्या सभासदांचे नंबर कागदावर लिहून घ्या, मोबाइलवर नाही, कारण घसरणीच्या रात्री मोबाइल विकला किंवा गहाण पडलेला असतो. पहिले तीन महिने रोज एक मीटिंग, असा जुन्यांचा सल्ला असतो. एका गटाची मीटिंग रोज नसेल तर दुसऱ्या वस्तीतल्या गटात जा. एका मीटिंगवर ठरवू नका. खोली आवडली नाही, कुणाचं बोलणं खुपलं, म्हणून परत न जाणारे फार. निदान सहा मीटिंगा, दोन वेगवेगळ्या गटांत बसून बघा. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे आणि तेही मोफत. माणूस यायला तयार नसला तरी बायकोने एकटीने तिथे जावं.

दुसरी वाट आपल्याच मातीतली, गुरुदेव सेवा मंडळाची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीवर गावोगाव व्यसनाविरुद्ध भजनं गायली. सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना ही त्यांची देणगी. दिवे लागणीची वेळ हीच भट्टीकडे पाय वळण्याची वेळ असते. त्याच वेळेला रोज प्रार्थनेत बसणं, हे औषधाइतकं नेमकं आहे. इथे कोणी तुमच्या व्यसनावर उपचार करत नाही, समुपदेशक नसतो. पण न पिणाऱ्यांची संगत रोज, पायी अंतरावर आणि फुकट मिळते. नुसतं मागे बसून येऊ नका, काम मागा. सतरंजी अंथरणं, खंजिरी-टाळ धरणं, रविवारी झाडू मारणं, काहीही. ज्याच्या हाती काम आहे त्याची वाट कोणीतरी बघतं, आणि गैरहजर राहिला तर घरी विचारायला येतं. मोझरीचा गुरुकुंज आश्रम नागपूर–अमरावती रस्त्यावरच आहे. ऑक्टोबरच्या सुमारास येणाऱ्या पुण्यतिथीच्या दिवसांत तिथे सेवेला जाऊन राहणंही अनेकांच्या कामी येतं.

तिसरी वाट "परमात्मा एक" मार्गाची. ती नागपुरातच जन्मली, महानत्यागी बाबा जुमदेवजींनी (१९२१–१९९६) विणकरांच्या वस्त्यांतून ती उभी केली. दारू, जुगार, सट्टा बंद करणं हा तिच्या नियमांचाच भाग आहे. तिचं बळ हे की माणूस एकटा येत नाही, अख्खं घर येतं. वस्तीतले सेवक आणि मार्गदर्शक लक्ष ठेवतात, आणि एकाच गल्लीत चार घरं मार्गावर असतील तर मोह बराच कमी होतो. पण हा नुसता व्यसनमुक्तीचा कार्यक्रम नाही, तो एक मानव धर्म आहे. एकाच भगवंताला मानायचं, म्हणजे घरातल्या बाकीच्या देवांचा, कुळाचाराचा प्रश्न येतोच. बायको, आई-वडील, सून सगळ्यांनी आधी बसून बोलावं. घरात अर्धे मार्गात आणि अर्धे बाहेर राहिले, तर त्या भांडणाचं निमित्त करून माणूस पुन्हा पितो. मार्गात येताना करायच्या कार्यासाठी काय साहित्य लागेल, तेही मार्गदर्शकांना आधीच विचारून घ्या.

बौद्ध घरांत वेगळं काही शोधायची गरज कमी. "सुरामेरयमज्जपमादट्ठाना" हे पंचशीलातलं पाचवं शील रोजच्या वंदनेत आहेच, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. विहारातली रोजची वंदना, भन्तेजींसमोर पुन्हा घेतलेलं शील, आणि विहार समितीतलं एखादं काम हा कार्यक्रम कुठल्याही वस्तीत उद्यापासून सुरू होतो. विपश्यनेबद्दल मात्र सावध राहा. माहुरझरीच्या धम्म नाग केंद्रातलं दहा दिवसांचं शिबिर राहणं-जेवणासकट मोफत आहे, शेवटी दान ज्याच्या-त्याच्या इच्छेवर. पण ते व्यसनमुक्ती केंद्र नाही. पहाटे चारला उठणं, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, नव्या साधकाला संध्याकाळी पाचला फक्त चहा आणि फळ, तंबाखू-खर्रा पूर्ण बंद. काल दारू सोडलेल्या माणसाला हे झेपत नाही, आणि भ्रमाचे दिवस तिथेच उजाडले तर जवळ डॉक्टर नसतो. आधी काही महिने दारूशिवाय काढा, मग अर्ज भरा, आणि अर्जात व्यसन व गोळ्या लपवू नका.

वारकऱ्यांची तुळशीमाळ आणि महानुभावांचा उपदेश हेही याच जातीचे मार्ग. नेम कडक, संगत चांगली, खर्च नाही. ब्रह्माकुमारींच्या सेवाकेंद्रात सात दिवसांचा राजयोगाचा पाठ मोफत शिकवतात, रोज तासभर. चर्चच्या प्रार्थना गटांत आणि दर्ग्यात मन शांत होतं, पण तिथे रोज विचारपूस करणारं माणूस आहे का, ते बघून ठरवा. कसोटी सगळीकडे तीच. तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत, तर कोणी दार वाजवेल का?

राहण्याची फुकट सोय सांगणारे

काही ठिकाणं "आश्रम" म्हणून महिनोन्‌महिने ठेवून घेतात. चांगलीही आहेत, पण मोफत म्हणून डोळे मिटून सोडून येऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. उपचाराच्या नावाने माणसं ठेवणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते, आणि साखळीने बांधायला या कायद्यात पूर्ण बंदी आहे. नोंदणीचा कागद भिंतीवर लावलेला दिसायला हवा. नसेल तर विचारा. डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतो? रात्री झटका आला तर कुठे नेता? घरचे कधी भेटू शकतात आणि एकटं बोलू देता का? माणसाला सोडून जायचं असेल तर काय करता? दिवसभर काम काय करून घेता? मूळ आधार कार्ड ठेवून घेता का?

मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या. "रात्री येऊन उचलून नेतो" असं म्हणणाऱ्याकडे माणूस देऊ नका. आणि "इथे आलात म्हणजे सगळ्या गोळ्या बंद, देव बघेल" असं कोणी म्हटलं की तिथून उठा. टीबीची, मिरगीची, साखरेची गोळी मध्येच तोडल्यावर जो बिघाड होतो, तो कुठल्याही शपथेने भरून निघत नाही. नाव "दान" असलं तरी दर महिन्याचा आकडा ठरलेला असेल, तर ती फी आहे.

केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी पुनर्वसन केंद्रं मोफत ठेवून घेतात. जवळचं कोणतं आणि जागा आहे का, हे १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा. हा फोन फुकट लागतो. मन फार खचलं असेल, जीव देण्याचे विचार येत असतील तर १४४१६, टेलिमानस, दिवसरात्र. खर्रा आणि तंबाखूसाठी १८००-११-२३५६. दारू सुटल्यावर खर्रा दुप्पट होतो, हे नागपुरात घरोघरी दिसतं. पहिल्या महिन्यात त्यावरून भांडू नका, पण तिसऱ्या महिन्यात तोही विषय काढा.

पहिले ९० दिवस

पगार शनिवारी हातात पडतो आणि घसरण शनिवारीच होते. ठेकेदाराशी बोलून पैसे बायकोच्या किंवा आईच्या खात्यात जातील असं बघा, किंवा कामावरून घेऊन यायला कुणीतरी जावं. भट्टीवरची उधारी घरच्यांनी परस्पर फेडू नये. ती त्याने स्वतः, दिवसा, दोन न पिणाऱ्यांना सोबत घेऊन हप्त्याहप्त्याने फेडावी. कामाहून येण्याचा रस्ता बदला, पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

संध्याकाळी पाच ते आठ पोट रिकामं ठेवू नका. भूक आणि तहान हीच माणसाला दारूची तलफ वाटते. कामावरून सुटताच गूळ-शेंगदाणे, केळं, ताक, नाहीतर आंबील. गोड खावंसं वाटतं, खाऊ द्या (साखरेचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून). झोप महिना-दोन महिने नीट येत नाही. तेवढ्यासाठी मेडिकल स्टोअरमधून झोपेच्या गोळ्या आणू नका. एक व्यसन गेलं आणि दुसरं बसलं, असं होतं.

दारूबंदीच्या वर्ध्याला किंवा गडचिरोलीला नातेवाइकांकडे पाठवलं की सुटेल, अशी एक समजूत आहे. चोरटी दारू तिथेही मिळते, आणि इथली मीटिंग-प्रार्थना मात्र तुटते.

शपथ मोडली तर? अनेकांची मोडते. दारूपेक्षा जास्त नुकसान पुढच्या दोन दिवसांत होतं. "माळ बाटली, आता कोणत्या तोंडाने जाऊ", "देव कोपला" म्हणून माणूस तोंड लपवतो आणि पीतच राहतो. घसरल्यापासून २४ तासांच्या आत स्पॉन्सरला, मार्गदर्शकाला, भन्तेजींना किंवा मंडळातल्या भाऊंना सांगायचं, हे आधीच ठरवून ठेवा. सांगायला त्याला जमलं नाही तर बायकोने फोन करायचा, हेही त्याच्यासमोरच ठरवा. एएमध्ये दिवस पुन्हा एकपासून मोजतात, दंड नसतो. आणि चार-पाच दिवस सलग पिणं झालं असेल तर पुन्हा शपथेकडे नाही, आधी दवाखान्याकडे. थरथर आणि झटक्यांचं गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

कॅलेंडरवर धोक्याचे दिवस आधीच खुणा करून ठेवा: होळी-धुळवड, लग्नाच्या वराती, तेराव्यानंतरचं बसणं, आणि सगळ्यांत वाईट पोळ्याचा कर. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खा विदर्भ मटण आणि बाटलीसकट बसतो, आणि नागपुरात तोच मारबतीचा दिवस. त्या दिवसाची आखणी आठ दिवस आधी करा. आदल्या रात्री स्पॉन्सरला किंवा मंडळातल्या दोघांना घरी बोलवा. सकाळी "घेऊन जा गे मारबत" म्हणत मिरवणूक बघायची असेल तर त्या दोघांच्या मधे उभं राहून बघा, आणि मिरवणूक पांगण्याआधी तिथून निघा. दुपारचं जेवण अशा घरी ठेवा जिथे बाटली उघडत नाही. संध्याकाळी सहाला कुठे बसायचं, मीटिंगला, प्रार्थनेला की विहारात, ते सकाळीच ठरलेलं असू द्या आणि न्यायला येणाऱ्या माणसाचं नाव घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहून ठेवा.